सांगितलं तेवढंच काम होतं, तेव्हा नेमकं कुठे अडलेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चाळीस माणसांचा विभाग. पगार वेळेवर होतो आणि तशाच कामाला इतरत्र मिळतो तेवढा आहे. रजा, सवलती नियमाप्रमाणे. तरी लोक सांगितलं तेवढंच करतात, आणि ज्यांच्यावर भिस्त होती ती माणसं दीड-दोन वर्षांत सोडून जातात. ‘कर्मचाऱ्यांना प्रेरणा द्या’ असं सगळेच सांगतात. प्रेरणेनं कामात खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर उद्या जाऊन नेमकं करायचं काय?

फरक पडतो, आणि मोठा पडतो. तो कुठे पडतो हे मात्र आधी पाहायला हवं, कारण बरेचसे उपाय भलत्याच जागी लावले जातात.

कोणत्याही नोकरीत कामाचे दोन भाग असतात. एक भाग लिहून देता येतो आणि मोजता येतो: किती वाजता यायचं, दिवसाला किती अर्ज तपासायचे, पाळीत किती नग काढायचे. दुसरा भाग कुठेच लिहिलेला नसतो. यंत्राचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा येतोय हे थांबून कुणाला तरी सांगणं. ग्राहक विचारतोय एक आणि त्याची अडचण दुसरीच आहे हे ओळखणं. कुणी सांगायची वाट न पाहता नव्या माणसाला शेजारी बसवून शिकवणं. स्वतःची चूक दुसऱ्याला सापडण्याआधी आपणहून कबूल करणं. पहिला भाग देखरेखीनं करून घेता येतो, दुसरा येत नाही. ‘नियमानुसार काम’ हे आंदोलनाचं हत्यार होऊ शकतं ते याचमुळे. प्रत्येक जण नियम अक्षरशः पाळतो, त्यापलीकडे काही करत नाही, आणि बघता बघता कामकाज तुंबतं. म्हणजे रोजचा गाडा ज्या जादा मेहनतीवर चालतो ती कुणी विकत घेतलेली नसते. लोक ती आपणहून देत असतात. ती द्यावीशी वाटणं थांबलं की राहतात ते सांगकामे.

म्हणूनच ‘प्रेरणा’ या शब्दापेक्षा मला ‘उमेद’ हा शब्द जास्त योग्य वाटतो. प्रेरणा म्हटलं की ती कुणीतरी वरून द्यायची गोष्ट वाटते, मग व्याख्यानं, घोषवाक्यं, सहली, भिंतीवरचे फलक सुरू होतात. उमेद माणसापाशी मुळात असते. ती टिकते किंवा खचते. नोकरीच्या पहिल्या दिवशी बहुतेक माणसं उत्सुकतेनंच आलेली असतात. आठव्या महिन्यात तोच माणूस पाट्या टाकत असेल, तर मधल्या काळात त्यानं काहीतरी पाहिलेलं आणि त्यातून धडा घेतलेला असतो. तुमचं पहिलं काम म्हणजे त्यानं काय पाहिलं हे शोधणं.

आधी निदान

काम मनासारखं होत नाही याची चार कारणं असू शकतात. काय अपेक्षित आहे हेच माणसाला ठाऊक नसतं. ठाऊक असतं पण जमत नाही. जमतं पण साधन, माहिती किंवा परवानगी हातात नसते. आणि हे तिन्ही असूनही करावंसं वाटत नाही. यातलं फक्त चौथं कारण उमेदीचं आहे. पहिल्या तिघांवर उमेदीचं औषध दिलं तर लोक आणखी चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त असतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. एकाच प्रकारचं काम करणाऱ्या तिघांना वेगवेगळं बसवून लिहायला सांगा: ‘माझ्या कामातल्या सर्वांत महत्त्वाच्या तीन गोष्टी, आणि माझं काम चांगलं झालं हे कशावरून ठरतं.’ त्यांच्या वरिष्ठालाही तेच लिहायला सांगा. चार कागद जुळले नाहीत तर अडचण अपेक्षांची आहे. त्यानंतर उशिरा झालेलं एखादं काम घ्या आणि त्याचा प्रवास तारखांनिशी मांडा. बारा दिवस लागलेल्या कामात प्रत्यक्ष हात लागलेले दिवस दोन आणि सहीच्या प्रतीक्षेतले दहा निघाले, तर तिथे आळस शोधून उपयोग नाही. आणि तिसरी गोष्ट, ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याचं काम पूर्वी चांगलं होतं का ते पाहा. होतं, तर कसब आहे. कोणत्या महिन्यापासून घसरलं आणि त्या सुमारास काय बदललं, हे विचारा. बहुतेक वेळा वरिष्ठ बदललेला असतो, कामाची वाटणी बदललेली असते किंवा एखादी बढती दुसऱ्याला गेलेली असते.

आकड्यांमध्येही उमेद दिसते, फक्त योग्य आकडे पाहावे लागतात. वर्षभरात सोडून गेलेल्यांची संख्या भागिले सरासरी कर्मचारीसंख्या, गुणिले शंभर, हा गळतीचा दर सगळेच काढतात. चाळीसपैकी दहा गेले म्हणजे २५ टक्के. पण या एका आकड्यातून काहीच कळत नाही. ते दहा जण कुणाच्या हाताखालचे होते आणि किती काळ टिकले, अशा दोन रकान्यांत मांडा. दहापैकी सात एकाच पर्यवेक्षकाचे असतील तर कंपनीभर कार्यक्रम राबवायची गरज नाही, त्या एका जागी लक्ष द्यायला हवं. बहुतेक जण पहिल्या तीन महिन्यांत गेले असतील तर निवड करताना कामाचं चित्र वेगळं रंगवलेलं असतं, किंवा पहिले काही आठवडे माणसाला वाऱ्यावर सोडलेलं असतं. दीड-दोन वर्षांनी जाणारे वेगळे. त्यांना काम येऊ लागलेलं असतं आणि पुढची पायरी दिसत नसते. तुमच्या प्रश्नातली माणसं बहुधा या गटातली आहेत.

याशिवाय तीन गोष्टी नोंदवा: एक-एक दिवसाच्या अचानक रजा, दुसऱ्यांदा करावं लागलेलं काम, आणि लोकांनी आपणहून कळवलेल्या चुका व सूचना. शेवटच्या आकड्याबाबत एक सावधगिरी हवी. कळवलेल्या चुका कमी झाल्या म्हणून खूश होऊ नका. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला तेव्हा ज्या गटांत वातावरण चांगलं होतं तिथे औषधांच्या चुकांची नोंद जास्त आढळली. तिथली माणसं चुका झाकत नव्हती, एवढंच त्याचं कारण. तुमच्या विभागात एकाएकी सगळं सुरळीत दिसू लागलं, तर लोक बोलायचे थांबले आहेत का ते आधी पाहा.

एक माणूस गेला तर किती खर्च येतो, हा हिशेबही एकदा कागदावर करा, म्हणजे वरच्यांशी बोलताना हातात काहीतरी राहील. नव्या माणसाला पूर्ण वेगानं काम करायला सहा महिने लागतात आणि त्या काळात तो सरासरी निम्मं काम देतो असं धरलं, तर तीन महिन्यांच्या पगाराइतकं काम बुडालं. जुन्या माणसानं रोज एक तास याप्रमाणे ६० दिवस शिकवलं, तर त्याचे आठ-आठ तासांचे साडेसात दिवस गेले. त्यात रिकाम्या जागेचे आठवडे, मुलाखतींचे तास आणि नोटीसकाळात मन उडालेल्या माणसाचं अर्धवट काम मिळवा. तुमच्या कामाचे आकडे वेगळे असतील, पण हिशेब याच रीतीनं मांडायचा.

पगार कुठपर्यंत काम करतो

पगारानं उमेद वाढत नाही, असं सरसकट सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. फोर्डच्या मोटार कारखान्यात १९१३ साली गळतीचा दर ३७० टक्क्यांच्या आसपास होता. सुमारे चौदा हजार जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात पन्नास हजारांहून जास्त माणसं घ्यावी लागली होती. जानेवारी १९१४ मध्ये कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आला आणि दिवसाची मजुरी जवळपास दुप्पट, म्हणजे पाच डॉलर झाली. गळती झपाट्यानं खाली आली. (त्या पाच डॉलरला अटी होत्या आणि त्या पाळल्या जातात का हे पाहायला कंपनीचे तपासनीस कामगारांच्या घरी जात, हा भाग सांगताना बहुतेक गाळला जातो.) म्हणजे पगार अपुरा असेल तर बाकी सगळे उपाय म्हणजे वरवरची मलमपट्टी.

पण पगार रास्त झाल्यावर काय? फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली सुमारे दोनशे अभियंते आणि लेखापालांच्या मुलाखतींवरून मांडलं की नाराजीची कारणं आणि समाधानाची कारणं वेगळी असतात. पगार, कंपनीचे नियम, देखरेखीची पद्धत, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या नीट केल्या म्हणून तो झटून कामाला लागतो असं नाही. झटायला लावतात त्या गोष्टी कामाच्या आत असतात: काहीतरी साधल्याचा आनंद, त्याची दखल, जबाबदारी, पुढे जाण्याची वाट. या अभ्यासावर आक्षेपही आहेत. माणूस यशाचं श्रेय स्वतःला आणि अपयशाचा दोष परिस्थितीला देतो, त्यामुळे अशी उत्तरं येणारच, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. तरी व्यवहारात ही विभागणी उपयोगी पडते. तुमचा पगार ठीक असेल तर पुढचा पैसा आणि वेळ कामाच्या रचनेवर खर्च करा, नव्या भत्त्यांवर नको.

पगाराच्या रकमेपेक्षा जास्त नुकसान करते ती वाटणीतली विषमता. माणूस स्वतःचा पगार एकट्याचा पाहत नाही. मी किती देतो आणि मला किती मिळतं हे तो शेजाऱ्याशी ताडून पाहतो. नव्यानं आलेल्याला बाजारभावानं घेतलं आणि चार वर्षं इमानानं राहिलेला मागे पडला, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. लोकांना ते कळतंच. वर्षातून एकदा एकाच प्रकारच्या कामाचे सगळे पगार एका कागदावर उतरत्या क्रमानं लिहा आणि प्रत्येक फरकापुढे कारण लिहा. जे कारण त्या माणसाच्या तोंडावर सांगता येणार नाही, तो फरक दुरुस्त करण्याच्या यादीत टाका.

नाइलाजानं कपात करावी लागली तरी ती कशी सांगितली जाते यानं फरक पडतो. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के वेतनकपात झाली होती. एका ठिकाणी कारणं आकड्यांसह नीट समजावून सांगितली आणि झालेल्या त्रासाबद्दल मनापासून खेद व्यक्त केला. दुसरीकडे कोरड्या चार वाक्यांत उरकलं. दोन्हीकडे चोऱ्या वाढल्या, पण जिथे उरकून टाकलं तिथे कितीतरी जास्त. कपात तेवढीच होती.

बक्षीस आणि टार्गेट

इन्सेंटिव्ह चालतं, पण ठरावीक कामात: जिथे नग मोजता येतात, ते एकाच माणसाच्या हातचे असतात आणि दर्जा लगेच तपासता येतो. या तीन अटींपैकी एक जरी सुटली तरी लोक बक्षिसाला पात्र ठरतील तेवढंच करतात, आणि ज्याचं मोजमाप होत नाही ते वाऱ्यावर जातं. वेल्स फार्गो बँकेत एकेका ग्राहकाला जास्तीत जास्त खाती विकण्याचा जबर तगादा होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५३०० जणांना नोकरीवरून काढल्याचं उघड झालं. इतकी माणसं एकाच पद्धतीनं चुकतात तेव्हा मोजमापाकडेच बोट दाखवावं लागतं.

योजना आखताना पुढच्या गोष्टी तपासा. एकाच रेषेवर सगळं ठेवू नका. शंभर नगांना बक्षीस आणि नव्व्याण्णवला शून्य असं ठेवलं, तर साठाच्या आसपास रखडलेला माणूस विसाव्या तारखेलाच हात टेकतो आणि अठ्ठ्याण्णववाला शेवटच्या दिवशी कसंही करून दोन नग दाखवतो. त्याऐवजी ऐंशीपासून पायऱ्या ठेवा. प्रत्येक संख्येच्या मोजमापाला दर्जाचं एक मोजमाप जोडा: परत आलेला माल, रद्द झालेली विक्री, दुसऱ्यांदा आलेला तोच तक्रारीचा फोन. रक्कम कशी निघते ते कर्मचाऱ्याला स्वतःला दोन मिनिटांत काढता आलं पाहिजे. आणि योजना लागू करण्याआधी तुमच्यातल्या सर्वांत हुशार माणसाला विचारा, ‘यात काम न करता पैसे कसे मिळवता येतील?’ तो जी वाट सांगेल ती तीन महिन्यांत बाकीच्यांनाही सापडणार आहे.

दरवर्षी सर्वांना तोच बोनस दिला की तो पगारात जमा होतो. तो मिळाल्याचा आनंद संपतो आणि चुकला तर संताप मात्र उरतो. दंडाचंही असंच उलटं होतं. इस्रायलमध्ये दहापैकी सहा पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांवर दंड लावून पाहिला गेला, तर उशिरा येणारे पालक जवळपास दुप्पट झाले, आणि दंड काढून टाकल्यावरही आकडा खाली आला नाही. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. जोवर दंड नव्हता तोवर ‘कुणीतरी आपल्यासाठी ताटकळतंय’ ही टोचणी होती. दंडानं तिची किंमत ठरवून दिली. उशिरा येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून मिनिटांच्या हिशेबानं कापणारे हाच परिणाम पाहतात.

बक्षिसापेक्षा स्पष्ट ध्येय अनेकदा स्वस्तात जास्त काम करून जातं. गॅरी लॅथम आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेला लाकूडवाहू ट्रकचा अभ्यास यासाठी पाहण्यासारखा आहे. चालकांना ‘जमेल तेवढं भरा’ असं सांगितलेलं होतं, आणि ट्रक कायदेशीर वजनमर्यादेच्या साधारण ६० टक्केच भरून जात. मग ९४ टक्क्यांचं ध्येय दिलं. पैसे वाढवले नाहीत. पहिल्या महिन्यात आकडा चढला, दुसऱ्यात थोडा घसरला, कारण ध्येय हुकलं तर शिक्षा होते का हे चालक अजमावून पाहत होते. शिक्षा झाली नाही आणि आकडा ९० टक्क्यांच्या आसपास जाऊन टिकला. ‘जमेल तेवढं’ म्हणजे किती, हे माणसाला कळत नाही, ९४ कळतं. मात्र काम नवं असेल, अजून शिकायचं असेल, तर आकड्याचं ध्येय घोटाळा करतं. तिथे ‘या महिन्यात या कामाच्या तीन वेगळ्या पद्धती करून पाहा’ असं शिकण्याचं ध्येय द्या.

कामाच्या आतलं बळ

टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतल्या २३८ जणांच्या रोजनिशांतल्या सुमारे बारा हजार नोंदी तपासल्या. चांगल्या दिवसांमागे सर्वांत जास्त आढळलेली गोष्ट एकच होती: महत्त्वाचं काम थोडं तरी पुढे सरकलं. पण व्यवस्थापकांना ‘लोकांना कशानं बळ मिळतं’ म्हणून पाच गोष्टी क्रमानं लावायला सांगितल्या, तेव्हा कामाच्या प्रगतीला त्यांनी एकूणात शेवटचा क्रमांक दिला. तुम्हाला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर गुण देणारा उपाय इथेच आहे. प्रत्येकाला आठवड्यातून एकदा विचारा, ‘या आठवड्यात काम कुठे अडलं?’ आणि त्यातली एक अडचण पुढच्या आठवड्याच्या आत दूर करा. कुणाचा पासवर्ड तीन आठवडे मिळालेला नसतो, कुणाला दहा मिनिटांच्या कामासाठी दोन सह्या लागतात, कुणाचं यंत्र रोज अर्धा तास बंद पडतं. या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी रोज माणसाला सांगत असतात की तुझ्या वेळेची इथे कुणाला पर्वा नाही.

दुसरं बळ म्हणजे स्वतः ठरवण्याची मोकळीक. ‘त्यांना मोकळीक दिली आहे’ असं म्हणणारे बरेचसे वरिष्ठ जबाबदारी देतात आणि अधिकार स्वतःकडे ठेवतात. ग्राहकाची तक्रार मिटवायची जबाबदारी तुझी, पण पैसे परत करायचे तर मला विचार, यात माणूस ग्राहकाच्या आणि तुमच्या मध्ये चेपला जातो. म्हणून मोकळीक लेखी द्या आणि चार पायऱ्यांत द्या: ‘सांगेन तसं कर’; ‘काय करावं ते तू सुचव, मी ठरवेन’; ‘तू ठरव, करण्याआधी मला सांग’; ‘तू कर, महिनाअखेरीस एकदा बोलू’. प्रत्येकाच्या प्रत्येक मुख्य कामापुढे यातली एक पायरी लिहा. खर्चाची मर्यादा आकड्यात लिहा. सहा महिन्यांत निदान एका कामात प्रत्येक जण एक पायरी वर गेला पाहिजे. दीड-दोन वर्षांनी सोडून जाणाऱ्यांसाठी हाच उपाय आहे, कारण बढतीच्या जागा मोजक्याच असतात पण अधिकाराच्या पायऱ्या प्रत्येकाला चढता येतात. त्यानं चुकीचा निर्णय घेतला तर तो मर्यादेच्या आत असेपर्यंत उलटवू नका. एकदा उलटवला की तो पुन्हा विचारायला येऊ लागतो, आणि दिलेली मोकळीक फक्त कागदावर उरते.

तिसरं, कामाचा उपयोग कुणाला होतो ते दिसणं. ॲडम ग्रँट यांच्या २००७ सालच्या प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांना, त्या देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याला काही मिनिटं भेटवलं. महिन्यानंतर त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढली होती. ज्यांना भेटवलं नव्हतं त्यांच्यात तसा बदल झाला नाही. हिशेब तपासणारा, सुटे भाग जुळवणारा, माहिती भरणारा, यांना आपलं काम पुढे कुठे जातं हे वर्षानुवर्षं दिसत नाही. दर तीन महिन्यांनी एकदा पुढच्या विभागातला किंवा वापरणारा माणूस अर्धा तास समोर आणा. त्याला भाषण करायला लावू नका. ‘तुमचं काम वेळेवर आलं की माझं काय सोपं होतं आणि चुकलं की काय होतं’ एवढंच त्यानं सांगावं.

पाठीवरची थाप, आणि बोलणं

‘छान काम केलंस’ हे कौतुक दुसऱ्या दिवशी विसरलं जातं. उपयोगी कौतुकात काय केलं, त्यानं काय झालं, आणि ते मी पाहिलं, या तिन्ही गोष्टी असतात: ‘काल पाठवायच्या यादीत दोन पत्ते चुकीचे आहेत हे तू शेवटच्या क्षणी पकडलंस, त्यामुळे माल परत येणं वाचलं.’ हे दोन दिवसांच्या आत सांगा. सर्वांसमोर सांगायचं की एकट्याला, हे त्या माणसावर ठरवा. काहींना चारचौघांत उभं केलं की अवघडल्यासारखं होतं. कौतुकाला चिकटून तक्रार करू नका, नाहीतर लोक कौतुक ऐकलं की पुढच्या ‘पण’ची वाट पाहतात. ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ ही प्रथा मी सुचवत नाही. चाळिसांत एक जिंकतो, एकोणचाळीस हरतात, आणि सहा महिन्यांनी पाळीपाळीनं नाव लागू लागतं.

प्रत्येकाशी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास एकट्यानं बसून बोला. हाताखाली आठ जण असतील तर पंधरवड्याला चार तास, म्हणजे कामाच्या ८० तासांतले पाच टक्के. चाळीस जण थेट एकाच माणसाला जबाबदार असतील तर हे शक्यच नाही, आणि ते शक्य नसणं हाच तुमच्या विभागातला मोठा दोष असू शकतो. मध्ये चार-पाच गटप्रमुख लागतील. पहिली पंधरा मिनिटं त्याची. कामाचा आढावा नंतर. ऐनवेळी ही भेट रद्द करू नका, पुढे ढकललीत तर त्याच आठवड्यात घ्या.

सोडून जाताना घेतलेल्या मुलाखतीत माणूस गोड बोलून निघतो, कारण त्याला अनुभवपत्र हवं असतं. त्यापेक्षा टिकून असलेल्या चांगल्या माणसांना आताच विचारा: सकाळी कामावर येताना कशाची वाट पाहता? कशानं डोकं फिरतं? गेल्या सहा महिन्यांत नोकरी सोडावीशी कधी वाटली, आणि त्या दिवशी काय झालं होतं? तुमचं कुठलं कसब इथे वापरलंच जात नाही? मी काय करायचं थांबवू? ऐकताना समर्थन करू नका. सांगितलेल्यातली एक तरी छोटी गोष्ट दोन आठवड्यांत करून दाखवा, आणि जे करता येणार नाही ते का येणार नाही हे तोंडानं सांगा. कागदी सर्वेक्षण घेणार असाल तरी हाच नियम लागू: प्रश्न दहा-बाराच, पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा काढायचा नाही, आणि निकाल महिन्याच्या आत सर्वांना दाखवायचा. उत्तरं घेऊन गप्प बसणार असाल तर विचारूच नका.

ज्याकडे सहसा लक्ष जात नाही

उमेद असलेला माणूस आपोआप जास्त कामाला जुंपला जातो. काम तातडीचं असलं की वरिष्ठ त्याच्याकडेच जातो, कारण तो नाही म्हणत नाही आणि नीट करून देतो. शेजारचा कामचुकार मात्र पाच वाजता निघतो आणि पगारवाढ दोघांना सारखीच. वर्षभर हे चाललं की पहिला माणूस थकतो किंवा दुसऱ्यासारखं वागायला शिकतो. महिन्यातून एकदा कुणाकडे किती आणि कोणत्या अवघड गोष्टी गेल्या याची यादी करा. गेल्या दहा तातडीच्या कामांपैकी सहा एकाच नावापुढे असतील, तर पुढची तीन दुसऱ्यांकडे द्या, थोडी उशिरा झाली तरी चालेल.

थकलेला माणूस आणि मन उडालेला माणूस दिसायला सारखे असतात, उपाय मात्र उलटे आहेत. थकलेल्याला काम आवडत असतं, तो चुकांनी अस्वस्थ होतो, सुट्टीवरून आला की काही दिवस बरा असतो. त्याचा भार कमी करा. मन उडालेल्याला चुकांचं काही वाटत नाही आणि सुट्टीनं फरक पडत नाही. त्याला नवं, अवघड, स्वतःचं म्हणता येईल असं काम हवं असतं. थकलेल्याला ‘आव्हान’ म्हणून नवी जबाबदारी दिली तर तो महिन्याभरात राजीनामा देतो.

कामचुकारपणाकडे काणाडोळा करणं हा भलेपणा नाही. वर सांगितलेली चारही कारणं तपासली, अपेक्षा लिहून दिल्या, शिकवलं, अडथळे काढले, दोन-तीन महिने दिले आणि तरी फरक पडला नाही, तर त्या माणसाची जागा किंवा काम बदलायला हवं, आणि तेही जमलं नाही तर सन्मानानं निरोप द्यायला हवा. बाकीचे एकोणचाळीस जण तुम्ही यात काय करता हे रोज पाहत असतात.

हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या महिन्यात फक्त निदान, पगाराच्या फरकांचा कागद आणि अडलेल्या कामांची आठवड्याची चौकशी. दुसऱ्या महिन्यापासून पंधरवड्याच्या भेटी. अधिकाराच्या पायऱ्या तिसऱ्या महिन्यात, आधी एका गटात. आपणहून कळवलेल्या अडचणी आणि चुका सहा-आठ आठवड्यांत वाढलेल्या दिसतील. त्या वाढल्या तर घाबरू नका, लोक बोलू लागले आहेत. दुबार काम आणि अचानक रजा यांत फरक दिसायला साधारण एक तिमाही द्या. गळतीचा आकडा सर्वांत शेवटी हलतो, कारण जे मनानं आधीच निघालेले आहेत ते पुढच्या काही महिन्यांत जाणारच. तो आकडा वर्षानंतर, आणि पुन्हा त्याच दोन रकान्यांत मांडून पाहा.